जीपच्या डिफ्रन्सचं कव्हर तीनदा खोललं, माझा अनुभव

आमच्याकडं खानापूर तालुक्यात गावी जुनी महिंद्रा जीप आहे, बाबांच्या वेळची, विकूया म्हटलं की घरात अबोला सुरू होतो, त्यामुळं तिची सगळी दुखणी माझ्या गळ्यात. मे महिन्यात बघितलं तर गाडी लावतो तिथं मागच्या बाजूला फरशीवर डाग. बोट लावून वास घेतला तर कुजक्या अंड्यासारखा, म्हणजे इंजिन ऑइल नव्हे, डिफ्रन्समधलं गिअर ऑइल. (डिफ्रन्स म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधला गोळा, त्यातले गिअर इंजिनची ताकद चाकांना वाटतात.) त्यात गंधक घातलेलं असतंय त्याचा तो वास, एकदा हाताला लागला की दोनदा साबण लावून सुदीक जेवताना येतोय.

म्हटलं ऑइल बदलायचं झालेलंच आहे, कव्हर काढून नीट सील करून टाकू. आमच्या डिफ्रन्सला खाली ड्रेन प्लगच नाही, ऑइल काढायचं तर मागचं गोल कव्हर उघडायलाच लागतंय, दहा बोल्ट. एक गोष्ट मात्र मी पहिल्यापासून बरोबर केली, आधी वरचा भरायचा प्लग सैल होतोय का बघितला आणि मगच खालचं उघडलं. सगळं ऑइल पातेल्यात आणि प्लग गंजून बसलेला, असं झालं तर गाडी जागची हलत नाही.

सगळे बोल्ट सैल केले खरं वरचे दोन तसेच ठेवले, खालून स्क्रू ड्रायव्हर घालून कव्हर उचकटलं. (हे लक्षात ठेवा, पुढं येतंय.) ऑइल काळं पडलेलं खरं दुधाळ नव्हतं, म्हणजे पाणी गेलेलं नाही. तळाला करड्या रंगाची पेस्ट होती, बोटावर चोळली तर मऊ. तेवढं चालतंय, तुकडे लागले असते तर क्राउन पिनियनचा, म्हणजे आतल्या मुख्य गिअरच्या जोडीचा खर्च होता.

मग काय, जुनं पॅकिंग खरवडलं, फडक्यानं पुसलं, सिलिकॉनची ट्यूब घेतली आणि केकवर क्रीम लावल्यासारखं भरपूर लावलं. पाना जोर लावून आवळला, अर्ध्या तासात ऑइल भरून मोकळा. तिसऱ्या दिवशी डाग परत.

दुसऱ्यांदा एका गॅरेजात नेली. तिथं कागदी पॅकिंगला दोन्ही बाजूनं सिलिकॉन लावून बसवलं आणि बोल्ट आणखीन आवळले. आठ दिवस बरं होतं. नंतर जांबोटीवरून कणकुंबीला जाऊन आलो, चढ, पाऊस, गाडी तापलेली, घरी येऊन बघतो तर मागं सगळं ओलं. बाबा पायरीवर बसून म्हणाले, "परत गळूलंय न्हवं?" मी काही बोललो नाही.

बेळगावात उद्यमबागेत माझा एक मित्र मशीन शॉपला आहे. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "सिलिकॉन काय करतंय त्यात, कव्हर घेऊन ये आधी." परत खोललं, कव्हर पिशवीत घालून गेलो. त्यानं ते सर्फेस प्लेटवर, म्हणजे एकदम सपाट अशा जाड प्लेटवर पालथं ठेवलं आणि फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी कडेनं फिरवली. बोल्टच्या भोकांपाशी पट्टी जात नव्हती, दोन भोकांच्या मधी मात्र ०.४० मिमीची सरळ आत. जोर लावून आवळल्यानं भोकांभोवतीचा पत्रा हौसिंगकडं (डिफ्रन्सच्या बाहेरच्या लोखंडी कवचाकडं) दबला होता आणि मधी फट पडलेली, म्हणजे जितकं आवळलं तितकी फट वाढली. शिवाय खालच्या कडेला स्क्रू ड्रायव्हरचा दणका, तो माझाच. त्यानं कड लोखंडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातानं ठोकून ठोकून सपाट केली, दर दोन मिनिटांनी परत प्लेटवर. मधी दोन चहा झाले.

निघताना त्यानं विचारलं, "ब्रीदर बघितलास काय?" मी कशाला बघतोय. डिफ्रन्स तापला की आतली हवा फुगते, ती बाहेर जायला हौसिंगवर एक छोटी टोपी असते. आमच्या टोपीत लाल चिखल वाळून विटेसारखा बसला होता, खानापूरकडच्या रस्त्यांना हे नवीन नाही. हवेला वाट नाही म्हटल्यावर ती ऑइलला ढकलणार, जिथं कच्चं असेल तिथून, आज कव्हर, उद्या चाकाकडचं सील, आणि ते गेलं की ऑइल थेट ब्रेक शूवर. तार घालून, डिझेलनं धुऊन, तोंडानं फुंकून आरपार झाल्यावरच सोडलं.

तिसऱ्यांदा घाई केली नाही. हौसिंगच्या तोंडाला आत फडकं कोंबलं, म्हणजे खरवडलेले तुकडे बेअरिंगकडं जात नाहीत. पहिल्या वेळी मी इथंच मार खाल्ला होता, दिसायला कोरडं असलं तरी वरून ऑइल ओघळतच असतंय आणि तेलकट जागेवर सिलिकॉन धरत नाही. रात्रभर निथळू दिलं, सकाळी थिनरनं दोन्ही बाजू पुसल्या, पांढरं फडकं पांढरं राहीपर्यंत. कागदी पॅकिंग घातलंच नाही. ३ मिमीची एकच सलग रेघ, भोकांच्या आतल्या बाजूनं, प्रत्येक भोकाला वळसा घालून. जास्त लावलं तर ते आत पिळून जातंय आणि सुटून ऑइलमधी फिरतंय. बोल्ट आधी नुसते बोटानं, मग समोरासमोरचे थोडे थोडे करत, छोट्या पान्यानं. आणि २४ तास गाडीला हात लावला नाही, हे सगळ्यात अवघड गेलं.

दुसऱ्या दिवशी गाडी सपाट जागेवर घेऊन नळीच्या बाटलीनं ईपी ९० गिअर ऑइल भरलं, जीएल-५ वालं (म्हणजे जास्त दाब सोसणाऱ्या दर्जाचं), प्लगच्या भोकातून ओघळायला लागेपर्यंत. दोन लिटर आणलं होतं त्यातलं थोडं उरलं. शेजारचे काका म्हणाले ते माझ्या गाडीच्या गिअरबॉक्सला दे, नको म्हटलं, त्यांच्या जुन्या गिअरबॉक्सात पितळी रिंगा आहेत, जीएल-५ त्यांना मानवत नाही. काका जरा रागावले.

मग कव्हरभोवती टाल्कम पावडर मारली, कुठं ओलं झालं तर लगेच डाग दिसतोय, आणि चोर्ला घाटापर्यंत जाऊन आलो. पावडर कोरडी. पूर्ण पावसाळा गेला, फरशी स्वच्छ आहे. मोठ्या कौतुकानं बाबांना दाखवायला बोलावलं, त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "गळत होती तेव्हा सुदीक चालतच होती की."