बंब

"अरे, हा तर आपला बंब!" व्हिडिओ कॉलवर आई खो खो हसली.

तीन वीकेंड वेल्डिंग करून ऑस्टिनच्या अंगणात धुरावर शिजवायचा स्मोकर उभा केला. पाव इंच जाड स्टीलचा पाइप, बाजूला लाकडं जाळायचा फायरबॉक्स, वर धुराडं. आणि ही म्हणते बंब!

आज पहिल्यांदा ओकची लाकडं पेटवली. दाट पांढरा धूर. मी खूश.

"जाळ घुसमटतोय. खालचं दार उघड."

उघडलं. थोड्या वेळात धूर विरळ, निळसर. काटा २५० फॅरनहाइटवर. (पांढऱ्या धुराने मांस कडवट होतं, हे मी व्हिडिओ बघून शिकलो होतो. शिकलो म्हणजे, ऐकलं होतं.)

आईच्या गळ्यात तुळशीची माळ. आत काय शिजणार, तिने विचारलं नाही.

मीही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का?