किती जण?

काल रात्री मी खोटं बोलले आणि सकाळपासून तेच डोक्यात घोळतंय. तसं मोठं काही नाही. दारातल्या मुलाने विचारलं, "मॅडम, किती जण?" आणि मी म्हणाले, "दोन."

का म्हणाले? घरून निघताना तर मस्त मूडमध्ये होते. शुक्रवार होता, पाऊस थांबला होता, नौपाड्यातून रिक्षा पहिल्याच हाकेला मिळाली (हेच खरं म्हणजे विशेष), मानपाड्याला पोचेपर्यंत मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते, की बघा, त्रेचाळिसाव्या वर्षी बाई एकटी गाणी ऐकायला निघालीये, कुणाची वाट न बघता. आणि मग दारात तो एवढासा प्रश्न आला आणि गेलं सगळं.

गडकरीला नाटक बघायला मी कित्येकदा एकटी जाते, मध्यंतरात वडा पण एकटीच खाते, कधी काही वाटत नाही. पण तिथे कोणी विचारतच नाही ना, तिकिटावर एक नंबर असतो, तिथे जाऊन बसायचं. इथे तोंडाने सांगावं लागतं. महाराष्ट्रात जिन प्यायला वय 25 लागतं, एकटीने प्यायला किती लागतं ते कायद्यात कुठे लिहिलेलं नाही, पण तो मुलगा जसा माझ्या मागे कोणी येतंय का बघत होता त्यावरून अजून थोडं कमीच पडत असावं.

तर दोघांचं टेबल मिळालं. स्टेजच्या डाव्या हाताला, खांबाजवळ. आठपर्यंत वन प्लस वन होतं, मी कोकमवालं मागवलं, जिन, कोकम आणि ग्लासच्या कडेला मीठ-तिखट. वेटरने दोन्ही ग्लास एकदमच आणले. एक माझ्यासमोर ठेवला आणि दुसरा समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे, खाली कोस्टर, बाजूला टिश्यूची नीट घडी. वर विचारलं, "सर कुठपर्यंत आले?"

मी 'सर' म्हटलंच नव्हतं हां. पण तोंडातून निघून गेलं, "बोरिवलीवरून येतोय. गायमुखला अडकलाय."

बोरिवलीच का, ते जाऊ दे.

मला वाटलं विषय संपला. घोडबंदरच्या ट्रॅफिकवर ठाण्यात कोणी शंका घेत नाही, लग्नाला तीन तास उशिरा आलं तरी घोडबंदर म्हटलं की लोक उलट आपल्याच पाठीवर हात फिरवतात. पण हा वेटर निघाला काशिमीऱ्याला राहणारा. म्हणाला, "हो ना मॅडम, घाटात ट्रेलर बंद पडलाय, मीच दीड तासाने आलो." आणि खिशातून मोबाईल काढून मला नकाशा दाखवला. गायमुखपासून लाल लाल, मध्ये मध्ये चॉकलेटी. माझं खोटं इतकं खरं निघेल असं वाटलं नव्हतं.

मग ती आली. एकटीच होती, तेवीस-चोवीसची असेल, गिटार आणि पायाशी लूप पेडल. आधी गिटारच्या लाकडावर तळहाताने ठेका धरला, पायाने पेडल दाबलं, तो ठेका आपला आपण वाजायला लागला, त्यावर तीन सूर छेडले, परत पेडल, मग नुसता ऊऽ असा आवाज, परत पेडल, आणि दोन-तीन मिनिटांत तिथे पाच-सहा जणी गातायत असं वाटायला लागलं आणि बघायला गेलं तर एकच. गाणी सगळी तिची स्वतःची. एक मराठीत होतं, बाल्कनीला लावलेल्या कबुतरांच्या जाळीवर, मला ते फार आवडलं. मागच्या टेबलवरून कोणीतरी हिंदी सिनेमातल्या गाण्याची फर्माईश केली, तिने गोड हसून दुर्लक्ष केलं.

रंगभवनलाही असंच व्हायचं. धोबी तलावच्या त्या उघड्या थिएटरमध्ये इंडिपेन्डन्स रॉक व्हायचं, 1986 पासूनचं, आम्ही गेलो ते कॉलेजात असताना, पावसात भिजत. कोणी स्वतःचं काही वाजवायला लागलं की अर्धी गर्दी ओरडायची, ते नको, ओळखीचं वाजव. संपलं की मी सीएसटीकडे आणि तो मरीन लाइन्सकडे. मध्य आणि पश्चिम. पुढे शांतता क्षेत्र म्हणून रंगभवनचे कार्यक्रमच बंद झाले. असो.

तर समोरचा ग्लास. त्यातला बर्फ वितळायला लागला होता. माझा कधीच संपलेला आणि तो तसाच, लाल रंग वरून फिका पडत चाललेला. हात पुढे करून ओढून घ्यायचा ना! पैसे माझे, ग्लास माझा. पण वेटर बघत होता आणि तो ग्लास आता सरांचा झाला होता. मी चक्क चिडले. ट्रेलर बंद पडला म्हणून काय झालं, एक फोन करता येत नाही? मेसेज? नेहमीचंच आहे हे. बरीच मिनिटं मी अशी आतल्या आत भांडत होते आणि मग लक्षात आलं की मी ज्याच्यावर चिडलेय तो घाटात नाहीच्चे. तो कुठेच नाहीये. डोळ्यांत पाणी आलं, मी ते कडेच्या तिखटावर ढकललं.

चौथ्या की पाचव्या गाण्यात तिचं पेडल जरासं उशिरा दाबलं गेलं. तिचाच मघाचा आवाज तिच्या मागे मागे धावायला लागला, सगळं लंगडं ऐकू यायला लागलं. तिने हात वर केला, सगळं बंद केलं आणि माइकमध्ये म्हणाली, "सॉरी हां, माझंच माझ्याशी जुळत नाहीये."

सगळे हसले. मी जरा जास्तच जोरात हसले बहुतेक, बाजूच्या टेबलवाल्यांनी वळून बघितलं. आणि त्याच झोकात सरांचा ग्लास ओढून घेतला आणि प्यायले. पाणचट झाला होता, सोलकढीत पाणी घातल्यासारखा, तरी चांगला लागला. नंतर अजून एक मागवलं, या वेळी एकच. वेटर काही बोलला नाही, फक्त समोरचं कोस्टर उचललं.

बिल आणलं तेव्हा मात्र त्याला राहवेना. "मॅडम, सरांना सांगा, टेन्शन नाही. बोगदा होतोय ना बोरिवली-ठाणे, नॅशनल पार्कच्या खालून. जवळपास 12 किलोमीटर फक्त. तो झाला की सर असे येतील."

म्हटलं, "हो ना दादा, तेवढा होऊ दे."

टिप दोघांच्या हिशोबाने ठेवली.

आज सकाळी साडेसातला ताईचा फोन. मी स्टेटसला स्टेजचा फोटो टाकला होता, त्यात खाली कोपऱ्यात दोन ग्लास आलेत. मला दिसलेच नाहीत, तिला बरोब्बर दिसले.

"कोणाबरोबर होतीस गं?"

"एकटीच. वन प्लस वन होतं म्हणून दोन."

"हो का." मग बराच वेळ नुसता तिच्या कुकरचा आवाज. "नको सांगूस. पण बोरिवली तर नाही ना?"

म्हटलं, "नाही गं बाई. घाटात ट्रेलर बंद पडलाय."