चाळिसावं लागलेली माणसं

चरित्रकोशाच्या कामात तारखा तपासणं माझ्याकडे असतं. जन्म, मृत्यू, वय. शेवटची मुद्रितं छापखान्यात जायच्या आदल्या दिवशी समोरच्या टेबलावरची सहकारी दोन कागद घेऊन आली.

"सर, पास्कलच्या लेखात 'वयाच्या ३९व्या वर्षी निधन' असं आहे आणि शोपाँच्या लेखात 'चाळिसाव्या वर्षी'. तक्त्यात मात्र दोघांचंही वय ३९ आहे. चूक कुणाची?"

चूक पास्कलच्या लेखातली होती. पास्कल १९ जून १६२३चा, गेला १९ ऑगस्ट १६६२ला. ३९ वर्षं आणि बरोबर दोन महिने. म्हणजे त्याला चाळिसावं लागलं होतं. बोलताना आपली गल्लत होत नाही. मुलाला पाचवं लागलं म्हटलं की चार पूर्ण झाली हे कुणालाही कळतं. लिहायला बसलं की मात्र 'वय ३९' आणि '३९वं वर्ष' एकच वाटू लागतात. मला ही ढिलाई खपत नाही. माणसाच्या आयुष्यातलं अख्खं एक वर्ष त्यात इकडचं तिकडे होतं.

मी तिला म्हटलं, "३९ आणि ४० वय असलेल्या सगळ्या नोंदी काढ. एकेक बघू."

गठ्ठा अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. स्वामी विवेकानंद, गुरुदत्त, चे गेव्हारा, मार्टिन ल्यूथर किंग. एक संन्यासी, एक चित्रपट दिग्दर्शक, एक गनिमी लढवय्या, एक धर्मोपदेशक, शिवाय पियानोवर जीव लावलेला शोपाँ आणि गणित करणारा पास्कल. ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "या वयातच काहीतरी असेल का हो?"

असं वाटतं खरं. २७व्या वर्षाबद्दलही असंच बोलतात, कारण हेन्ड्रिक्स, जॉपलिन आणि मॉरिसन हे तिघं संगीतकार १९७० आणि १९७१मध्ये त्याच वयात गेले. पण हजारो नोंदी आणि वयं जेमतेम शंभर. कुठल्याही आकड्यापाशी गर्दी सापडणारच. शिवाय आमच्या गठ्ठ्यातली कारणंही एक नव्हती. चे आणि किंग गोळ्यांनी मेले, शोपाँ वर्षानुवर्षांच्या आजाराने. आकडा तेवढा समान.

खरा धक्का ४०च्या गठ्ठ्यात बसला. त्यात गणितज्ञ रीमान होता: १८२६ ते १८६६. अमेरिकेतला कृष्णवर्णीयांचा नेता माल्कम एक्सही होता: १९२५ ते १९६५. कुणीतरी सालातून साल वजा करून वयाचा रकाना भरला होता, दिवस-महिने बघितलेच नव्हते. रीमानचा जन्म १७ सप्टेंबरचा आणि मृत्यू २० जुलैचा. माल्कमचा जन्म १९ मेचा आणि खून २१ फेब्रुवारीला. दोघांनाही चाळीस पूर्ण झाली नव्हती. जो वाढदिवस त्यांच्या वाट्याला आला नाही, तो आम्ही त्यांना देऊन बसलो होतो.

मी लाल पेनने दोन्हीकडे ३९ केलं. मग प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने महिने आणि दिवस मांडत गेलो. तसं करायची गरज नव्हती, पण राहवलं नाही. किंग: ३९ वर्षं, २ महिने, २० दिवस. गुरुदत्त: ३ महिने, १ दिवस. विवेकानंद: ५ महिने, २२ दिवस. शोपाँ: ७ महिने, १६ दिवस. माल्कम: ९ महिने, २ दिवस. रीमान: १० महिने, ३ दिवस.

माल्कमपाशी मी थांबलो. एकोणचाळीस पूर्ण झाल्यानंतरच्या त्या नऊ महिन्यांत त्याने नवी संघटना उभी केली, कैरोला आफ्रिकी राष्ट्रांच्या परिषदेत गेला, कित्येक देश फिरला, डिसेंबरमध्ये ऑक्सफर्डला वादसभेत बोलला. किंगला तेवढा वेळही मिळाला नाही. मेम्फिसच्या सफाई कामगारांच्या संपासाठी तो गेला आणि तिथेच संपला. रीमानचे दहा महिने मात्र क्षयाने पोखरलेले. १८६६मध्ये गॉटिंगेनला सैन्यं भिडली तेव्हा तो तिथून निघाला आणि इटलीत माज्जोरे सरोवराकाठी गेला. मूळ संख्यांबद्दलचा त्याचा अंदाज अजून कुणी सिद्ध केलेला नाही.

"किंग आणि माल्कम कधी भेटले होते?" तिने विचारलं.

एकदाच. २६ मार्च १९६४, वॉशिंग्टनमध्ये, सिनेटमध्ये नागरी हक्कांच्या विधेयकावर चर्चा चालू असताना. हस्तांदोलन झालं, चार शब्द झाले, फोटो निघाले. तेव्हा माल्कमला ३८ पूर्ण होती, किंगला ३५. वयाने माल्कम साडेतीन वर्षांनी मोठा आणि गेलाही तीन वर्षं आधी. म्हणून आकडा सारखा येतो.

ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. "सर, हे महिने-दिवस छापता येतील का?"

रकान्यात जागा नव्हती. तिथे ३९च गेलं, सगळ्यांपुढे. पण प्रत्येक लेखाची शेवटची ओळ आम्ही दोघांनी बसून सुधारली: 'चाळिसावं वर्ष चालू असताना निधन'. रीमानची ओळ तिने लिहिली, माल्कमची मी. दिवे मालवायची वेळ झाली तरी पेन्सिलीचा तो कागद तिने टाकू दिला नाही. घडी घालून रीमानच्या मुद्रितात ठेवला.