खांद्यावरचा हात

अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, वर्षश्राद्धाला फ्रेम करायची होती. घरातले सगळे फोटो उपसले, तर एकट्या अण्णांचा धड फोटो एकही नाही. आधार कार्डावरचा होता, पण तो भिंतीवर लावायच्या लायकीचा कुणाचाच नसतो. त्यातल्या त्यात हसरा फोटो धाकट्या दिरांच्या साखरपुड्यातला, आणि त्यात व्याह्यांनी अण्णांच्या खांद्यावर हात टाकलेला. क्रॉप केला की व्याही जातात, पण चार बोटं आणि अंगठी मागे राहते.

मी स्नॅपसीड हे फोटो सुधारायचं अ‍ॅप वापरते. फुकट आहे, मध्येच जाहिराती येत नाहीत. टूल्समध्ये ‘हीलिंग’ घ्यायचं. ब्रश बारीक करायचं बटण शोधत बसू नका. दोन बोटांनी फोटो मोठा केला की ब्रश आपोआप बारीक काम करतो. असलं टूल करतं काय, तर आजूबाजूचा तुकडा उचलून पुसलेल्या जागी बेमालूम बसवायला बघतं. म्हणून अख्खा हात एका फटक्यात घासायचा नाही, नाहीतर खांद्यावर कॉलरचं टोक उगवायचं. मी आधी अंगठी पुसली, मग एकेक बोट, बाहेरच्या कडेकडून आत. शिवणीची रेघ लागली तिथे रेघेच्याच दिशेने छोटे छोटे फटकारे. बिघडलं की मागे जायचा बाण आहेच. अण्णांचा शर्ट पांढरा होता म्हणून निभावलं. चौकड्याचा असता तर रेघा जुळवता जुळवता श्राद्ध उरकलं असतं.

आकाश, गवत, चुन्याची भिंत यावरचं काहीही सहज जातं. नऊवारीचे काठ, खिडकीची जाळी, दुसऱ्याच्या हातात गुंतलेला हात, इथे दमछाक. आणि माणूस पुसलात तर त्याची सावलीही पुसा, हे बहुतेक जण विसरतात.

गूगल फोटोजमधला मॅजिक इरेजर, म्हणजे नको ते पुसायचं टूल, २०२१ मध्ये गूगलच्याच पिक्सेल ६ फोनबरोबर आला, तेव्हा आपल्या फोनवर नव्हता. २०२४ मध्ये तो बाकीच्यांनाही फुकट मिळायला लागला. त्यातलं ‘कॅमफ्लाज’ मला जास्त आवडतं: वस्तू पुसायची नाही, नुसता तिचा रंग दबवायचा. मंगल कार्यालयातल्या लालभडक प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर नामी उपाय. काम मात्र मूळ फोटोवर करा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला आधीच पिचलेला असतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. आणि सेव्ह करताना कॉपीच करा.

फ्रेम बघून नणंदबाई खूश. लगेच म्हणाल्या, “वहिनी, माझ्या लग्नाच्या फोटोतून मोठ्या काकांना पण काढ ना.” वाटणीवरून बोलणं बंद आहे, दुसरं काही नाही. मी म्हटलं, वन्सं, विजेच्या तारा सांगा, कचऱ्याची बादली सांगा, काका नाही. त्या दिवशी अक्षता टाकायला ते होते.

“मग व्याह्यांना काढलंसच की!”

त्यांना आधी फोन करून विचारलं होतं. म्हणाले, “काढा की. पण हाताचा फोटो तेवढा मला पाठवून द्या.”