पंधरा टक्क्यांची मोकळीक

बेळगावात उद्यमबागेत मी लोकांची टेंडरं भरून देतो. निम्मा दिवस स्कॅन केलेल्या फायली लहान करण्यातच जातो.

खानापूरच्या एका वहिनींचं मशीनशॉप आहे. तीन लेथ, एक ड्रिल. कास्टिंग (ओतीव तुकडे) बेळगावातून न्यायचं, त्याचे फ्लँज (पाइप जोडायच्या चकत्या) तयार करून परत इकडंच पाठवायचे. एका सरकारी कंपनीचं २,००० फ्लँजचं टेंडर निघालं तेव्हा मीच मागं लागलो. त्यांची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, उत्पादक म्हणून होती. (अर्धे लोक इथंच मार खातात, ट्रेडरला यातला फायदा नाही.) अनामत माफ झाली. वर मी ऐटीत म्हणालो, "वहिनी, आपल्याला पंधरा टक्क्यांची मोकळीक आहे."

हे अर्धं वाक्य होतं.

सगळ्यात कमी दर एका मोठ्या कारखान्याचा निघाला, नगाला १,००० रुपये. आमचा १,१२०. वहिनींचा लगेच फोन, "दादा, बसलो की आपण पंधरात!" बसलो होतो, सगळ्यात कमी दराच्या वर पंधरा टक्क्यांच्या आत. पण छोट्या उद्योगांसाठीच्या केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणातली मोकळीक असते ती समोरच्याच्या दराला उतरायची. उतरलात तर २५ टक्क्यांपर्यंत माल तुमचा. म्हणजे ५०० नग, हजार रुपयांनी. वहिनींना घरातच पडत होता १,०४० ला.

पाचच्या आत हो-नाही कळवायचं होतं. त्या बसनं आल्या. रुमालाच्या गाठीतून डिजिटल सहीची डोंगल सोडवली. मी कागदावर मांडत गेलो : कास्टिंग, टूल, पगार, येता-जाता टेम्पो, पावसात करंट गेला की जनरेटरचं डिझेल.

"खानापूरचं म्हणून काय धरत नाहीत होय?"

नाही. बायकांच्या उद्योगांकडून ३ टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून ४ टक्के खरेदी करा म्हणून धोरण सांगतं. तालुक्याचा रकानाच नाही. अमेरिकेत हबझोन म्हणून योजना आहे. मागास पट्ट्यातल्या छोट्या धंद्याची बोली मोठ्या कंपनीपेक्षा १० टक्क्यांपर्यंत चढी असली तरी चालते, आणि पैसे मिळतात ते स्वतःच्या दरानं. अट अशी की ३५ टक्के कामगार तसल्याच पट्ट्यात राहणारे हवेत. वहिनींचे तर सगळेच खानापूरचे. पण हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?

"वीस हजार जाणार," मी म्हणालो.

"पुढच्या टेंडरला अनुभवाचा दाखला लागतो म्हणाला होता न्हवं?" असं म्हणत त्यांनी पिन टाकला. चार चाळीस झाले होते.

जाताना फी विचारली. मी अजून आकडा सांगितलेला नाही.