दोन टोके आणि मधला घाट

जूनचा दुसरा आठवडा होता. गोव्यातल्या मोपाच्या सड्यावरील विमानतळाच्या हवामान कक्षात दर अर्ध्या तासाने निरीक्षण घेऊन मेटार, म्हणजे विमानतळाचा हवामान अहवाल पाठवणे, हे माझे काम. त्या सकाळी साडेनऊच्या नोंदीत दृश्यमानता 6 किलोमीटर आणि ढगांचा तळ 1800 फूट लिहून मी मान वर केली, तर एका चार आसनी, एका इंजिनाच्या विमानाचे मालक समोर उभे होते. विमान ते स्वतःच चालवत. दुपारी कोल्हापुरात त्यांच्या पुतणीचा साखरपुडा होता.

"अर्ध्या तासाचं तर काम आहे मॅडम. तिकडं सात किलोमीटर दिसतंय, इथं सहा. मग अडतंय कुठं?"

त्यांचा हिशेब नियमाला धरून होता. डोळ्यांनी पाहून उडणाऱ्या विमानाला 5 किलोमीटर दृश्यमानता आणि 1500 फुटांवर ढगांचा तळ लागतो, आणि तो दोन्ही टोकांना होता. मात्र मेटार त्या त्या विमानतळापुरताच बोलतो. मध्ये आंबोली सुमारे 690 मीटरवर, म्हणजे सव्वादोन हजार फुटांवर. सड्याची उंची मिळवली तरी आमचे ढग घाटमाथ्याला जवळजवळ टेकलेलेच होते. पणजीच्या पाऊस टिपणाऱ्या डॉप्लर रडारवर तिथे फारसे काही नव्हते, पण घाटातले धुके आणि उथळ ढगांची रिपरिप रडारच्या किरणांखालून सहज निसटते. म्हणून मी आंबोलीत हॉटेल असलेल्या बहिणीच्या दिराला फोन लावला. ही काही कार्यालयीन पद्धत नव्हे. तो म्हणाला, "समोरचो रस्तोसुद्धा दिसणा नाय गे."

वैमानिक हसले. "चहावाल्याचा मेटार!" त्यांनी कागद घेतले आणि सही केली. आम्ही माहिती देतो, अडवणे आमच्या हातात नसते. दहा वाजून पाच मिनिटांनी ते उडाले.

प्रशिक्षणात वाचलेला एक आकडा मला तेव्हा सारखा आठवत होता. 1954 साली इलिनॉय विद्यापीठाने उपकरणांवर उडण्याचा सराव नसलेल्या 20 जणांना ढगातल्यासारख्या स्थितीत विमान चालवायला दिले; ताबा सुटेपर्यंत सरासरी 178 सेकंद गेली. तीन मिनिटेही नाहीत.

दहा बावीसला टॉवरचा फोन आला, विमान परत फिरले होते. नेमकी त्याच वेळी सड्यावर सर आली आणि आमची दृश्यमानता 3 किलोमीटरवर उतरली. मी तातडीची नोंद पाठवली, टॉवरने विशेष परवानगी दिली, आणि पावसाच्या पडद्यातून आधी दिवा व मग पंख दिसेपर्यंत मी खिडकीची चौकट घट्ट धरून उभी होते.

ते कक्षात आले तेव्हा शर्टाची कॉलर घामाने भिजलेली होती. चहाचा ग्लास त्यांनी दोन्ही हातांनी धरला, तरी बशीत थोडा सांडलाच. ढग लांब आहे असे वाटत असतानाच समोरची काच पांढरी झाली, असे ते म्हणाले. त्यांनी लगेच वळण घेतले, पण थोड्याच वेळात विमान सरळ चालले आहे असे त्यांना वाटू लागले आणि उपकरणातले कृत्रिम क्षितिज मात्र डावीकडे कललेलेच राहिले. वळण एकसारखे राहिले की कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव काही सेकंदांत स्थिरावतो आणि वळणाची जाणीवच विरून जाते. मग विमान सरळ केले की ते उलट बाजूला वळतंय असे वाटते आणि वैमानिक ते पुन्हा वाकडे करतो. 1999 साली धूसर रात्री समुद्रावर कोसळलेल्या, अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे पुत्र धाकटे जॉन केनेडी यांच्या विमानाच्या चौकशीतही दिशाभ्रम हेच कारण निघाले.

"कान एक सांगत होता, काटा एक," ते म्हणाले. "काट्याचं ऐकलं."

विमान दोरांनी बांधून ठेवून ते टॅक्सीने निघाले, त्याच आंबोली घाटातून. साडेअकराच्या नोंदीत मी लिहिले: दृश्यमानता 7 किलोमीटर, पाऊस नाही.