क १४

आमच्या घरात दाराजवळ एक खुर्ची आहे आणि येणारेजाणारे तिच्यावर बसून चपला घालतात. दोन्ही बाजूंना वेलबुट्टीचे बिडाचे पाय, सागवानी पाठ, माणूस उठला की आपोआप वर जाणारी बैठक, आणि हाताच्या टोकाला इनॅमलची वाटोळी चकती, तिच्यावर ‘क १४’. शेजारच्या जिल्ह्यातले एक जुने नाट्यगृह पाडले गेले, तेव्हा ती मी भंगारवाल्याकडून किलोच्या भावाने आणली. त्याने पैसे बिडाचे लावले. सागवान त्याच्या हिशेबात नव्हतेच.

मी इंटिरियर डिझायनर आहे. पोट चालते ते गंगापूर रोडवरच्या फ्लॅटांमधल्या मॉड्युलर किचनवर आणि टीव्ही युनिटांवर. जीव मात्र जुन्या नाट्यगृहांत अडकलेला आहे. कोणत्याही गावी गेले की देवळाआधी मी नाट्यगृहाचा पत्ता विचारते आणि आत शिरल्यावर रंगमंचाकडे पाठ करून उभी राहते, हा घरच्यांच्या थट्टेचा कायमचा विषय आहे. पण प्रेक्षागृह खरे कळते ते नटाच्या जागेवरूनच, आणि नटाला समोर दिसतात त्या खुर्च्या.

नाशिककराला जुने नाट्यगृह म्हटले की विजयानंद आठवते, आणि विजयानंद म्हटले की २१ डिसेंबर १९०९ ची रात्र: किर्लोस्कर मंडळींचा ‘शारदा’चा प्रयोग, शारदेच्या भूमिकेत बालगंधर्व, बदली झालेले कलेक्टर जॅक्सन आणि अनंत कान्हेरे. शाळेत हा धडा शिकताना आम्हाला फक्त पिस्तूल दिसत असे. या व्यवसायात आल्यावर मला त्यातले दुसरेच काही दिसू लागले. त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हता. शारदेचे पद मागच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचवायचे ते नटाच्या गळ्याने आणि मग छताने, भिंतींनी, लाकडाने, आणि दाटीवाटीने बसलेल्या माणसांच्या अंगावरच्या कपड्यांनीसुद्धा. वास्तूच तेव्हा अर्धे गात असे म्हटले तरी चालेल.

हे मला कोणत्या पुस्तकाने शिकवलेले नाही, माझ्याच एका चुकीने शिकवले. व्यवसायाच्या सुरुवातीला मी एका छोट्या सभागृहाचे नूतनीकरण केले होते. जुन्या, काथ्या बाहेर आलेल्या गाद्यांच्या खुर्च्या काढून चकचकीत प्लॅस्टिकच्या बसवल्या, धूळ खाणारे जाड पडदे उतरवले, खाली गुळगुळीत टाइल्स घातल्या. फोटो उत्तम आले. पहिल्याच प्रयोगाच्या तालमीला एक ज्येष्ठ नट दोन वाक्ये बोलून थांबले आणि म्हणाले, “बाई, माझं वाक्य फिरून माझ्याच अंगावर येतंय.” मी टाळी वाजवून पाहिली. ती एक टाळी संपता संपेना.

मग शोधाशोध करताना हार्वर्ड विद्यापीठातले वॉलेस सॅबिन भेटले. १८९५ मध्ये या तरुण प्राध्यापकाकडे तिथल्या एका नव्या व्याख्यानगृहाची तक्रार आली, कारण त्या खोलीत उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळत असे आणि तेवढ्यात वक्त्याचे पुढचे दहाबारा शब्द त्याच्यावर येऊन आदळत. सॅबिन यांनी जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून त्या खोलीत आणायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची, आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजायचा, आणि सकाळ व्हायच्या आत गाद्या परत जागेवर नेऊन ठेवायच्या, असा उद्योग कित्येक रात्री केला. खोलीचे आकारमान वाढले की घुमणे वाढते आणि आवाज शोषणारे पृष्ठभाग वाढले की ते कमी होते, हे गणित त्यातून निघाले. सभागृहांचे ध्वनिशास्त्र आजही त्याच गणितापासून सुरू होते, आणि त्याचे मोजमाप मुळात खुर्चीच्या गादीत झालेले आहे. मी ज्या गाद्या रद्दीत दिल्या होत्या, त्या सभागृहाचा गळा होत्या. पुढे पदरचे पैसे घालून मी तिथे जाड पडदे परत लावले. खुर्च्यांचे मात्र व्हायचे ते होऊन गेले होते.

तेव्हापासून खुर्ची दिसली की मी ती उलटी करून पाहते. काही नाट्यगृहांत बैठकीच्या खालच्या फळीला बारीक छिद्रे पाडलेली असतात. रिकामी खुर्ची मिटली की ती छिद्रे रंगमंचाकडे तोंड करतात आणि न आलेल्या प्रेक्षकाच्या वाट्याचा आवाज शोषून घेतात, म्हणजे तिकीटविक्री कमी झाली तरी निदान आवाजाला हाउसफुलचा भास व्हावा. नाटकवाल्यांना आणखी काय हवे!

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. शाहू महाराजांनी उभारलेली ती वास्तू ‘पॅलेस थिएटर’ म्हणून १९१५ पासून उभी होती. दुसऱ्या दिवशी रंगकर्मी तिच्यासमोर रडत होते आणि सगळ्यांच्या तोंडी एकच मागणी होती, जसेच्या तसे उभारा. मागणी माझ्याही मनातली आहे. तरीही जुन्या वायरिंगवर, अरुंद वाटांवर आणि सुकून काडेपेटी झालेल्या लाकडावर माया करणाऱ्यांतली मी नाही. रूप आणि आवाज जुना असावा. वायर, पाण्याचे नळ आणि बाहेर पडायच्या वाटा आजच्याच असाव्यात.

हाच वाद आमच्या घरी खुर्चीवरून झाला. तिच्यावर ऑइलपेंटचे थर होते: वर चॉकलेटी, खाली हिरवा, त्याच्याखाली पुन्हा चॉकलेटी. आमचे सुतारमामा घासायच्या मशीनने अर्ध्या तासात सगळे उडवायला निघाले होते. मी त्यांना थांबवून पाठीच्या मागच्या बाजूला रुपयाएवढी जागा पटाशीने एकेक थर खरवडायला लावली. जुन्या वास्तूंच्या भिंतींचा मूळ रंगही असाच शोधतात. तळाशी लाखेचे पॉलिश निघाले, मधासारखे. मामा बोटाने ते चोळत म्हणाले, “ताई, हे झाकायचं पाप कोणी केलं हो?”

पण बैठक मिटताना खाट् असा मोठा आवाज होई. उशिरा आलेल्या एका माणसाने उठबस केली की सगळ्या रांगेचा रसभंग करणारा तो आवाज मला काही जपायचा नव्हता. मामा मात्र आता अडून बसले, “आवाज गेला तर थेटरची खुर्ची कशी?” अखेर बाहेरून दिसणार नाही अशा बेताने बिडाच्या खाचेत फेल्टची पट्टी बसली. अजूनही मामा कामाला आले की निघताना तिच्यावर बसून चपला घालतात, उठतात, आणि आवाज आला नाही म्हणून दारातून मागे वळून बैठक वर गेली की नाही ते पाहतात.